वीरगळावर नसलेला शिपाई

करवीर तालुक्यातील बीड या गावी जो कोणी जातो, त्याला, शिलाहारकालीन अवशेष पाहण्याचा त्याचा हेतू असो वा नसो, गावात जागोजाग मांडून ठेवलेले वीरगळ दिसल्यावाचून राहत नाहीत. आणि कोल्हापूरच्या परिसरात असे दगड इतक्या गावांतून आढळतात की येथील माणसाला त्यांचे अप्रूपही फारसे उरलेले नाही. त्यांची रचना बहुधा ठरलेली असते. तळाच्या चौकटीत युद्ध आणि वीराचे पतन, तिच्यावर त्याला स्वर्गाकडे घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर कलश व कीर्ती किती काळ टिकावी याचे माप म्हणून कोरलेले चंद्रसूर्य. मेलेल्याची एवढी व्यवस्था लावणाऱ्या त्या दगडापुढे उभे राहिले म्हणजे माझ्या मनात दर वेळी त्या लढाईतील दुसऱ्या माणसाचा विचार येतो. म्हणजे जो त्याच दिवशी त्याच रणात होता, ज्याच्या अंगावर कदाचित ओरखडाही उमटला नाही, जो पायी चालत घरी आला, आणि पुढे वीसतीस वर्षे ज्याला रात्री धड झोप लागली नाही व दिवसा अंगात त्राण राहिले नाही. त्याच्यासाठी दगडात चौकट नाही. दगड मृतांसाठीच असल्यामुळे ती नसावी हे योग्यच. परंतु पुढील सातआठशे वर्षांच्या दप्तरांतही ती चौकट सहसा सापडत नाही, ही गोष्ट मात्र मला फार लागते.

आपल्याकडे शिपायाची कदर नव्हती असे म्हणणे सत्याला सोडून होईल. ज्या राजाराम छत्रपतींच्या राणीने, महाराणी ताराबाईंनी, करवीरची गादी स्थापिली, त्याच राजारामांच्या इच्छेवरून सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीच्या मुक्कामी कृष्णाजी अनंत सभासदाने जी बखर लिहिली, तिच्यात अफझलखानाच्या प्रसंगानंतर शिवछत्रपतींनी आपल्या लोकांचा परामर्श कसा घेतला याचा वृत्तांत आहे. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, ज्यांना मुलगे नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले, आणि जे जखमी झाले त्यांना जखमेच्या मानाने पंचवीसपासून दोनशेपर्यंत होन दिले, असे सभासद सांगतो. पुढील काळातील कागदपत्रांत लढाईत कामास आलेल्यांच्या कुटुंबांसाठी बालपरवेशी आणि नानपरवेशी या नावांनी दिलेल्या नेमणुका आढळतात, आणि त्या शब्दांतच लेकराबाळांच्या तोंडच्या घासाची काळजी भरलेली आहे. युरोपातील पुष्कळशा राजांच्या फौजांत त्या काळी जायबंदी शिपायाला भीक मागण्याखेरीज गत्यंतर नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या जाबत्याचे मोल अधिकच कळते. तथापि होन मोजून देणाऱ्या कारकुनाला आधी जखम पाहावी लागत होती. जी जखम हात लावून दाखवता येत नाही, जिला लांबी नाही, खोली नाही, आणि जी स्वतः जखमी माणसालाही नाव घेऊन सांगता येत नाही, तिची किंमत किती होन लावावी हा प्रश्न त्या फडावर कधी निघाला असेल असे वाटत नाही.

मात्र जुन्या व्यवस्थेत अशा माणसाला लपून राहण्यासारखी एक जागा होती, असा माझा तर्क आहे, आणि ती म्हणजे गडाची चाकरी. पन्हाळा, भुदरगड, सामानगड या किल्ल्यांवरील गडकरी वंशपरंपरेने इनाम जमिनी खाऊन किल्ल्याची राखण करीत. एकाच घरातील म्हातारा, त्याचा मुलगा आणि नातू ही चाकरी वाटून घेत, आणि म्हातारा अमुक दिवस पहाऱ्यावर का आला नाही हे विचारायला कोणी वैद्य बसलेला नसे. थकलेल्या माणसाभोवती थकवा म्हणजे काय हे जाणणारी माणसे होती. इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडिताच्या कारभारात या हक्कांना हात लागला आणि १८४४ साली सामानगडापासून गडकऱ्यांचा उठाव पेटला. तो मोडला, किल्ल्यांची तटबंदी पाडण्यात आली, आणि शिपाईगिरीचा तो जुना संसार कोल्हापूर प्रांतातून उठला. इतिहासकार या उठावाकडे हक्कांसाठी झालेला झगडा म्हणून पाहतात आणि ते बरोबर आहे. पण वृद्ध आणि जर्जर शिपायाला आपल्या बरोबरीच्या माणसांत निमूटपणे बसून राहण्याचा जो अधिकार होता, तोही त्या तटांबरोबरच ढासळला.

यानंतरचा शिपाई हा पगारी होता, नंबरवारीने ओळखला जाणारा होता, आणि त्याच्यामागे एक वेगळेच ओझे होते. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असताना लढाऊ जातींचा जो सिद्धान्त सरकारदरबारी मान्यता पावला, त्यात उत्तरेकडील जमातींना वरचे पान मिळाले आणि मराठ्यांना खालचे. दक्षिणेतले लोक आता मऊ झाले, असा तो शेरा होता. इकडे करवीरात राजर्षी शाहू महाराजांना वेदोक्ताच्या प्रकरणात आपल्या क्षत्रियत्वावरच घेतलेल्या आक्षेपाला तोंड द्यावे लागत होते. अशा वेळी महायुद्ध उभे राहिले आणि महाराजांनी मराठ्यांच्या भरतीसाठी पुढाकार घेतला, यात नवल नाही. पलटणीत जाणे हे पोटाचे साधन तर होतेच, पण त्याखेरीज ते एका समाजाने आपल्या तेजाची पटवलेली साक्षही होते. अशी साक्ष द्यायला गेलेल्या माणसाने परत आल्यावर ‘मी थकलो आहे, मला भीती वाटते’ असे म्हणायचे कोणाजवळ? पुढे मुलेनातवंडेही गप्प राहिली त्याचे मूळ या प्रश्नात आहे, असे मी मानतो.

त्या महायुद्धातील मराठ्यांची मोठी कसोटी मेसोपोटेमियात लागली. रत्नागिरी, सातारा, बेळगाव आणि कोल्हापूर या मुलखांतील जवानांनी भरलेल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या हाताखालील सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. बसऱ्यापासून तैग्रिसच्या काठाकाठाने बगदादच्या दिशेने चढत गेलेली ही फौज नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे अडली, जबर हानी सोसून मागे वळली, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कुत अल् अमारा या नदीच्या वळणातील गावात वेढली गेली. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. शिधा उतरत उतरत मूठभर पिठावर आला. घोडे आणि खेचरे मारून त्यांचे मांस वाटले जाऊ लागले, ते खाण्यास हिंदी शिपाई धर्मभावनेने पुष्कळ दिवस कबूल झाले नाहीत, आणि भाजीपाला नाही व मांसही नाही अशा स्थितीत त्यांच्यात स्कर्व्ही पसरून हिरड्या सुजल्या, सांधे धरले, जुन्या बुजलेल्या जखमा पुन्हा उघडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसांनी शस्त्रे खाली ठेवली. तेथून वाळवंटातील पायपीट सुरू झाली. पुष्कळ वाटेतच गेले, आणि उरलेल्या हिंदी कैद्यांपैकी कित्येकांना रास अल् ऐनच्या बाजूला रेल्वेच्या सडकेवर राबवण्यात आले. अशा रीतीने तीन वर्षे ज्याने काढली, तो १९१९ साली जेव्हा मुंबई बंदरात उतरला असेल, तेव्हा त्याच्या नावापुढे पलटणीच्या रजिस्टरात ‘हजर’ असा शब्द पडला असेल, आणि त्या शब्दाने सरकारचे समाधान झाले असेल.

योगायोग असा की याच १९१५ सालात जगाच्या दुसऱ्या टोकाला दोन माणसांनी या न दिसणाऱ्या आजाराला दोन बाजूंनी हात घातला. फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टराने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्सच्या आघाडीवरील काही शिपायांची हकीकत देऊन ‘शेल शॉक’ हे नाव छापील वाङ्मयात आणले. त्याच वर्षी अमेरिकेत वॉल्टर कॅनन याने वेदना, भूक, भय आणि क्रोध यांच्या योगे शरीरात घडणाऱ्या फेरबदलांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि संकट समोर येताच अधिवृक्क ग्रंथींतून स्राव सुटतो, हृदय धडधडू लागते, पोटातील रक्त स्नायूंकडे धावते, प्राणी लढायला किंवा पळायला सिद्ध होतो, हे दाखवून दिले. त्याआधी १८७१ मध्ये दा कोस्टा याने अमेरिकेच्या यादवी युद्धातील शिपायांत हृदयात कोणताही दोष न सापडता होणारी धडधड, धाप आणि ग्लानी वर्णिली होती. थॉमस लुइस याने १९१८ मध्ये याच विकाराला ‘शिपायाचे हृदय’ म्हटले आणि थोड्याशा श्रमाने माणूस ढासळतो हे त्याचे मुख्य लक्षण मानले. थकवा हा या रोगाचा भाग आहे, तो आळस नव्हे, ही गोष्ट अशा रीतीने कागदावर येऊन चुकली होती.

पण ती कुतच्या शिपायापर्यंत पोहोचली नाही. गोऱ्या अधिकाऱ्याच्या नावापुढे बहुधा ‘न्युरस्थेनिया’ हा बरा दिसणारा शब्द लागे, गोऱ्या सामान्य शिपायाच्या नावापुढे ‘हिस्टेरिया’, आणि हिंदी शिपायाच्या बाबतीत मुळात संशयच पुढे येई. फ्रान्समध्ये जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठी ब्रायटन येथे जी इस्पितळे उघडली होती, तेथील कर्नल ब्रूस सीटन याला १९१५ साली एक हजार जखमा तपासून ही माणसे स्वतःच्या हाताने स्वतःला गोळी घालून घेतात काय, याचा छडा लावावा लागला. त्या संशयाला आधार नाही असाच त्याचा निर्वाळा पडला, हे त्याला भूषणावह आहे. परंतु हजार माणसांच्या जखमा मोजताना त्यांना झोप येते काय, असे विचारण्याचे कोणाला सुचले नाही, हा त्या काळाचा दोष आहे.

येथे देवळालीची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. नाशिकजवळच्या या ठिकाणी मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना विलायतेच्या जहाजाची वाट पाहत महिनोन्महिने मुक्काम करावा लागे. उष्मा, रिकामपण, दारू आणि ताप यांनी त्यांची मती फिरे, आणि त्यावरून ‘डुलाली टॅप’ असा शब्द त्यांच्या बोलीत रूढ झाला. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. पुढे ‘डुलाली’ एवढाच शब्द इंग्रजीत वेडगळ या अर्थाने राहिला आणि अजून आहे. गोऱ्या शिपायाच्या चित्तविकाराला नाव देण्यासाठी मराठी मुलखातले गाव आणि मराठी माणसाच्या तोंडचा शब्द उपयोगी पडला. खुद्द मराठी शिपायाच्या त्याच विकाराला मराठीत नाव मिळाले नाही.

नाव मिळाले नाही म्हणजे बोलणे झाले नाही असे नाही. १९१८ चा पाऊस दगा देऊन गेला होता, त्याच वर्षीच्या शरदात इन्फ्लुएंझाच्या साथीने गावेच्या गावे आडवी केली होती, आणि अशा ओसाड घरांत हे लोक परतले. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारख्या गावात, जेथे घरोघरचा पुरुष फौजेत जाण्याची रीत पुढे गावाच्या नावालाच चिकटली, अशा एखाद्या माणसाची आपण कल्पना करावी. तो शेतात जातो, चार काकऱ्या नांगरून बांधावर बसतो, आणि दोन प्रहर झाले तरी उठत नाही. भांडे पडले तरी दचकतो. रात्री दाराशी आडवा होतो, पण भिंतीला पाठ लावल्याशिवाय डोळा लागत नाही. घरची माणसे प्रथम म्हणतात, अंगातला हिवताप अजून गेला नाही. मग म्हणतात, तिकडचं पाणी बाधलं. मग आवाज खाली आणून म्हणतात, बाहेरचं काहीतरी लागलंय. ‘मिल्ट्रीतनं आल्यापास्नं त्यो आपल्यात न्हाईच’, हे वाक्य ज्या कोणा आईच्या किंवा बायकोच्या तोंडून प्रथम निघाले असेल, तिने रोगाचे वर्णन कोणत्याही वैद्यकीय मंडळाइतके नेमके केले असे मला वाटते. त्याच तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडी आहे. बाधा झालेल्या माणसाला दत्ताच्या सेवेला नेऊन ठेवण्याची रूढी तेथे जुनी आहे. सुशिक्षितांनी या रूढीला नाके मुरडावीत असे मला वाटत नाही. पहाटेचे स्नान, ठरल्या वेळेची आरती, मोजक्या प्रदक्षिणा, मोजके अन्न, कोणी काही जाब न विचारणे आणि नदीचा अखंड आवाज, एवढे तरी त्या थकलेल्या जिवाला तेथे मिळे; याउलट सह्याद्रीपलीकडे रत्नागिरीच्या वेड्यांच्या इस्पितळात तो एकदा गेला की घराण्याला कायमचा बट्टा लागे.

शरीरात काय घडत होते याचा उलगडा व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. माँट्रियल येथील हान्स सेली याने १९३६ मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध करून दाखवले की इजा कोणतीही असो, थंडी असो, विष असो वा अतिश्रम असोत, प्राण्याच्या शरीराची धावपळ एकाच साच्याने होते: आधी इशारा, मग तग धरणे, आणि ताण सरलाच नाही तर अखेरीस सर्व शक्ती गळून जाणे. छावणीची उपमा घ्यायची तर धोक्याचा बिगुल वाजताच सारी पलटण शस्त्रे घेऊन उभी राहते हे ठीकच. पण तो बिगुल थांबवणारा माणूसच मेला, आणि पलटण पाच महिने, पाच वर्षे, तशीच उभी राहिली, तर तिची जी दशा होईल तीच या माणसाच्या मज्जासंस्थेची आणि ग्रंथींची होते. पुढे तर असे आढळले की या विकाराने पछाडलेल्या अनेक माजी सैनिकांच्या अंगात कॉर्टिसॉल हे ताणाचे द्रव्य वाढण्याऐवजी उलट कमी झालेले असते. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन शिपायांवरील १९८६ च्या अभ्यासाने ही विलक्षण गोष्ट पुढे आणली, आणि दीर्घकालीन थकव्याच्या रुग्णांतही काही संशोधकांना तसेच दिसले. बांधावर बसलेला तो शेतकरी आळशी झालेला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाची कथा मी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातील पराक्रमाचा भाग सुदैवाने सर्वांना ठाऊक आहे. एरिट्रियातील केरेन, इटलीतील यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचे व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रह्मदेशाच्या सीमेवरील सांगशाक ही नावे मराठा पलटणींच्या इतिहासात अभिमानाने घेतली जातात; जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले तेव्हा मराठ्यांची दुसरी बटालियन शत्रूच्या हाती गेली आणि तिची माणसे वर्षानुवर्षे तारेच्या कुंपणाआड राहिली, हे क्वचितच आठवले जाते. अमेरिकन फौजेने १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या रणात असा हुकूम काढला की अशा रुग्णांच्या नोंदीत प्रथम दुसरे काही न लिहिता ‘थकवा’ एवढेच लिहावे, म्हणजे माणूस स्वतःला वेडा समजणार नाही. आमच्या खेड्यांतील बायामाणसांनी पंचवीस वर्षांपूर्वी जे नुसते डोळ्यांनी ओळखले होते, त्यालाच शेवटी सेनापतींना नाव द्यावे लागले. त्याच साली कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची छावणी वसली. सुमारे ५,००० बायका, मुले आणि वृद्ध तेथे १९४८ पर्यंत राहिले; त्यांतील बहुतेक सैबेरियाच्या हद्दपारीतून, उपासमारीतून आणि आप्तांचे मरण पाहून आलेले होते. करवीरकरांनी त्यांना माया दिली आणि ती माणसे मरेपर्यंत विसरली नाहीत. परक्या मुलखातल्या त्या पोरक्यांच्या डोळ्यांतील शून्य नजर ज्या कोल्हापूरकरांना उमगली, त्यांच्याच गल्लीत बसऱ्याहून आलेला म्हातारा तसल्याच नजरेने ओट्यावर बसत असावा, आणि त्याला लोक नुसते ‘पेन्शनर’ म्हणत असावेत.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजाराम रायफल्स ही करवीरची पलटण मराठा लाइट इन्फंट्रीची एकोणिसावी बटालियन झाली. त्यानंतरच्या पिढ्या नागा टेकड्यांत, श्रीलंकेत, सियाचिनच्या बर्फात आणि काश्मीरच्या खोऱ्यात गेल्या. १९८० मध्ये अमेरिकेच्या मानसरोगांच्या यादीत आघातोत्तर ताणविकाराला अधिकृत स्थान मिळाले, १९८८ मध्ये दीर्घकालीन थकव्याच्या विकाराची व्याख्या बांधली गेली. आणि १९९१ च्या आखाती युद्धात, ज्या बसऱ्याच्या वाटेवर मराठे कधी चालले होते त्याच भूमीवर लढलेल्या सुमारे सात लाख अमेरिकन सैनिकांपैकी निदान चतुर्थांश लोकांना थकवा, अंगदुखी आणि विस्मरण यांनी गाठल्याचे २००८ सालच्या तेथील सरकारी संशोधन-समितीला मान्य करावे लागले. कारणांविषयी वाद आहेत, विषारी द्रव्यांचा भाग किती आणि ताणाचा किती हेही वादग्रस्त आहे. माणसे आजारी आहेत याविषयी मात्र वाद उरलेला नाही.

आपल्या फौजेतही जवानाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पाच इंग्रजी अक्षरांच्या सूत्राने ठरते आणि त्यातील पहिले अक्षर मनाचे आहे, कान, हातपाय, प्रकृती आणि डोळे त्याच्यामागून येतात. तरीही बोर्डाने ज्याला घरी पाठवले, त्याच्या कागदावर ‘सेवेमुळे नव्हे’ असा शेरा पडला की अपंगत्वाची पेन्शन नामंजूर होई, आणि तो शेरा पुसून काढण्याचा भार त्या थकलेल्या माणसावरच येऊन पडे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग याच्या खटल्यात हा भार उलटा फिरवला. त्या जवानाचा विकार आकडीचा होता. पण न्यायालयाने जो दंडक घातला तो व्यापक होता. भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर आजाराची नोंद नाही, तो निरोगी होता असे धरले पाहिजे, आणि पुढे उद्भवलेला विकार सेवेमुळे झालेला नाही असे म्हणायचे असेल तर ते सरकारने सिद्ध करावे. भरतीच्या कागदावरील कोरी जागा अशा रीतीने शिपायाच्या बाजूने साक्षीला उभी राहिली.

पंधरासतरा वर्षांच्या चाकरीनंतर पस्तिशीच्या आसपास घरी आलेले हे जवान आज कागल, गडहिंग्लज, शिरोळ या तालुक्यांतून दिसतात. कोणी साखर कारखान्याच्या फाटकावर, कोणी बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन पुन्हा पहाऱ्यावर उभा आहे, आणि पहाराच त्याला सवयीचा आहे. दर वर्षी नोव्हेंबर उजाडला की त्याला हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो सकाळी लवकर निघतो, रांगेत बसतो, यंत्रावर अंगठा टेकवतो, आणि हा माणूस जिवंत असल्याची नोंद होते. परतताना बसमध्ये तो खिडकीशी न बसता मागच्या बाकावर बसतो, जेथून सगळी दारे दिसतात.